बाक किती आणि बाक कधीचा

हौशी : मदरबोर्ड चालू आहे, हे आधी मान्य कर. पुठ्ठ्यावर ठेवून एसएमपीएस जोडला, रॅमची एक पट्टी लावली आणि पहिल्याच वेळी डिस्प्ले आला. बायोसने प्रोसेसर ओळखला, तापमान जागेवर आहे, दोन्ही रॅम स्लॉट चालतात. जरासा बाक दिसतो म्हणून असा बोर्ड परत करायचा, हे मला पटत नाही. शिवाय तो घेतला कशासाठी तेही बघ. वहिनींच्या दवाखान्यातल्या मशीनचा बोर्ड गेला, बाकी सगळं धडधाकट आहे. आत आय-फाइव्ह ८४०० आहे, म्हणजे आठव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. म्हणजे हे मशीन थोडक्यात वाचलंय. अडचण एवढीच, की या प्रोसेसरला ३०० मालिकेतल्या चिपसेटचाच बोर्ड लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांचं सॉकेट दिसायला तेच, पण त्यांवर हा चालत नाही. नामांकित कंपनीचा या सॉकेटचा नवा बोर्ड आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हिंडूनही सहसा मिळत नाही. नव्या पिढीचा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसरही नवा घ्या, म्हणजे खर्च चार-पाच पट. रिफर्बिश्डशिवाय मार्ग नव्हता, आणि तो माल वापरलेला असणार हे पैसे देतानाच ठाऊक होतं.

साशंक : वापराच्या खुणांबद्दल माझी तक्रार नाही. ओरखडे, पिवळा पडलेला कनेक्टर, सैल झालेला यूएसबी पोर्ट हे सगळं वापराने होतं. बोर्डाला बाक तसा येत नाही. ही पाटी म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी यांचे थर, मध्ये तांब्याचे थर, सगळी जाडी मिळून साधारण १.६ मिलिमीटर. थंड असताना ती हाताने वाकवलीस तर सोडल्यावर पुन्हा सरळ होते. फारच वाकवलीस तर तडकेल, पण वाकून तशीच राहणार नाही. वाकून राहायला आतलं इपॉक्सी मऊ व्हावं लागतं, आणि साध्या एफआर-४ पाटीत ते १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. दवाखान्यात बिलं करणारं मशीन अख्ख्या बोर्डाला तिथपर्यंत कधीच नेत नाही. मग एवढी उष्णता आली कुठून? मला पहिली शंका येते ती हॉट एअरची. बोर्डावर डिस्प्ले येत नव्हता, कुणीतरी चिपसेट तापवून खालचे सांधे पुन्हा वितळवले, डिस्प्ले आला, बोर्ड पुसला आणि पिशवीत भरला. असा बोर्ड काही आठवडे किंवा काही महिने चालतो आणि एका सकाळी पुन्हा काळा पडदा दाखवतो. तू पुठ्ठ्यावर घेतलेली चाचणी त्याच्या दुकानातही पास झालेली असणार, म्हणूनच तो विकायला निघाला.

हौशी : उष्णतेचा मुद्दा बरोबर, पण ती उष्णता दुकानातच मिळाली असं कशावरून? प्रत्येक बोर्ड जन्मतःच भट्टीतून जातो. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशावर बंदी आणली, आणि तेव्हापासून बहुतेक बोर्ड बिनशिशाच्या सोल्डरवरच बनतात. जुनं शिसं-कथलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, हे २१७ च्या पुढे वितळतं, आणि भट्टीचं तापमान २४० पर्यंत चढवावं लागतं. म्हणजे कारखान्यात प्रत्येक पाटी काही काळ मऊ असते. तांबं एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल किंवा थंड होताना खाली नीट आधार नसेल, तर ती जराशी वाकूनच थंड होते. आपला बोर्ड एच ३१० चिपसेटचा, आणि ते बोर्ड स्वस्तातले, अरुंद आणि बहुधा चार थरांचेच. त्यांच्याकडून आरशासारखा सपाटपणा कुणी मागत नाही, मानकंसुद्धा मागत नाहीत. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योग-संघटनेचं मानक पृष्ठभागावर सोल्डर केलेल्या घटकांच्या बोर्डाला लांबीच्या ०.७५ टक्के बाक चालवून घेतं आणि इतर बोर्डांना १.५ टक्के. मी कूलर काढून, पोलादी पट्टी उभी धरून मोजलंय. मोटारसायकलचा मेकॅनिक टॅपेटसाठी जे फीलर गेज वापरतो, त्याच्या पात्या एकावर एक ठेवल्या. २२६ मिलिमीटर लांबीत मधोमध दोन मिलिमीटर. म्हणजे ०.९ टक्क्यांच्या आत.

साशंक : म्हणजे आपल्या कामाच्या मर्यादेबाहेर. मदरबोर्डावर बहुतेक घटक पृष्ठभागावर सोल्डर केलेले असतात, तेव्हा १.५ चा आकडा आपल्याला लागूच नाही. पण मी या टक्केवारीवर भांडणार नाही, कारण ती मर्यादा मुळात कोऱ्या पाटीची आहे, ज्यावर अजून एकही चिप बसलेली नाही. कोरी पाटी जरा वाकडी असली तर यंत्राला घटक ठेवताना त्रास होतो, पाटीला स्वतःला काही होत नाही. घटक बसल्यावर हिशेब बदलतो. चिपसेटच्या खाली सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात. वरची चिप ताठ, खालची पाटी वाकलेली, आणि मधला ताण गोळ्यांवर, त्यातही कोपऱ्यातल्या गोळ्यांवर सर्वांत जास्त. मशीन सुरू झालं की ते तापतात, बंद झालं की निवतात, आणि दर वेळी तडा किंचित पुढे सरकतो. मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही.

त्याहून मला काळजी वाटते ती सॉकेटच्या भोवतीच्या सिरॅमिक कपॅसिटरची. तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना डझनांनी बसवलेले. बोर्ड वाकला की यांना टोकाजवळ आतून तिरका तडा जातो आणि बाहेरून कपॅसिटर अगदी नवा दिसतो. बोर्ड चालूही राहतो. मग त्या तड्यात दमट हवा शिरते, आतल्या थरांमधलं इन्सुलेशन कमी होतं, आणि एक दिवस तो शॉर्ट होतो. आपल्याकडचा पावसाळा तुला माहीत आहे. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कशी असते, आणि दवाखान्याची ती खोली तळमजल्यावर आहे. फेब्रुवारीत पास झालेला बोर्ड जुलैत काय करेल, ते तुझं फीलर गेज सांगणार नाही.

हौशी : तू जे जे सांगितलंस ते सरळ बोर्डालाही होऊ शकतं, हे सोडून देऊ नकोस. वापरलेला प्रत्येक बोर्ड तापला-निवला आहे, प्रत्येकात रॅम दाबून बसवताना कड वाकलेली आहे. या अरुंद बोर्डांना सहाच स्क्रू, आणि रॅमकडच्या कडेखाली आधारच नाही. चोवीस पिनांचा कनेक्टर खचकन दाबला की ती कड डोळ्यांना दिसेल इतकी खाली जाते आणि परत वर येते. आपण ते कधी मोजलं नाही, कारण नंतर बोर्ड सरळ दिसतो. हा वाकडा दिसला म्हणून आपण त्याला प्रश्न विचारतोय.

साशंक : हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या बाजूला तो अडचणीचाही आहे. पण त्यातूनच नेमका प्रश्न पुढे येतो. बाक किती, यापेक्षा बाक कधीचा हे कळायला हवं. समज, भट्टीत पाटी वाकली आणि सोल्डर त्या वाकलेल्या अवस्थेतच गोठलं. मग सांधे त्या बाकाला धरूनच घडले, त्यांच्यावर ताण जवळजवळ नाही. असा बोर्ड दोन मिलिमीटर वाकडा असूनही निवांत असतो. उलट, पाटी सरळ असताना सांधे झाले आणि बाक नंतर आला, तर प्रत्येक सांधा जन्मापेक्षा वेगळ्या जागी ओढला गेलाय. आकार तोच, दोन मिलिमीटरही तेच, पण हे दोन वेगळे बोर्ड आहेत. पट्टी धरून मोजलंस तेव्हा तुला दोघांतला फरक दिसला नाही, दिसणारही नाही.

हौशी : मग पहिल्या प्रकारचा बोर्ड सरळ करायला जाणं हाच गुन्हा ठरतो.

साशंक : अगदी बरोबर, आणि तोच कॅबिनेटमध्ये बसवताना सगळे करतात. तुझा बोर्ड स्क्रू न लावता नुसता स्टँडऑफवर ठेवून बघ. मधल्या दोनवर टेकेल, वरखालची भोकं अधांतरी राहतील, बोट लावलं तर डोलेल. सहाही स्क्रू आवळले की तो सपाट होतो आणि माणसाला वाटतं, चला, बाक गेला. वाकलेल्या फळीवर फरशा बसवल्या, सिमेंट धरलं आणि मग ती फळी खिळे मारून सरळ केली, तर फरशांचं काय होईल ते बघ. आणि बिनशिशाचं सोल्डर जुन्यापेक्षा ताठ आहे. वाकण्याचा ताण स्वतः सोसून न घेता ते पुढे चिपकडे ढकलतं.

हौशी : त्यावर उपाय आहे. अधांतरी भोकांखाली लाल फायबर वॉशर घालायचे, जेवढी फट तेवढे, आणि स्क्रू नुसते टेकेपर्यंत फिरवायचे. बोर्ड स्वतःच्या बाकात बसून राहील. तेवढ्या भोकांचा कॅबिनेटशी धातूचा संपर्क तुटेल, पण उरलेल्या स्क्रूंमधून आणि एसएमपीएसच्या तारांमधून ग्राउंड मिळतोच. मागची पोर्टांची पट्टी थोडी घासून बसेल. ग्राफिक कार्ड या मशीनमध्ये नाहीच, म्हणजे त्याचं वजनही नाही.

आता तुझ्या 'कधीचा' या प्रश्नाकडे येतो. खुणा मी शोधल्यात. चिपसेटवरचा हीटसिंक काढून पाहिला. आजूबाजूला फ्लक्सचा चिकट थर नाही, हिरव्या-काळ्या लेपाची चकाकी कुठे बदललेली नाही, शेजारच्या साटा पोर्टांचं प्लास्टिक कुठे ओघळलेलं नाही. हॉट एअर मारून यातली एकही खूण मागे न ठेवणं कठीण असतं. शिवाय बाकाची जागा बघ. मध्यभाग मागच्या बाजूला फुगलाय, सॉकेटच्या आसपास. इंटेलचा साधा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बोर्डाला वर ओढतो आणि मधे प्रोसेसरला खाली दाबतो, या कूलरला मागे स्वतःची आधाराची प्लेट नसते. सात वर्षं तसा दाब, वर रोज सहा-आठ तासांची ऊब. बाक याच दिशेने यायला हवा, आणि तो याच दिशेने आलाय.

साशंक : दिशा जुळते, परिमाण जुळत नाही. त्या खुंट्यांनी बोर्ड वाकतो हे कूलर लावलेल्या कुठल्याही जुन्या मशीनमध्ये दिसतं, पण कूलर काढला की बहुतेक बाक परत जातो. साठ-सत्तर अंशांच्या उबेत इपॉक्सी वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकतं, हे मानतो. त्याने कूलर काढल्यावरही दोन मिलिमीटर उरावेत, हे मला पटत नाही. आणि तुझं हे कारण खरं धरलं तर तुझीच बाजू पडते. कारण मग बाक नंतरचा आहे, सांध्यांच्या नंतरचा. तोही नेमका सॉकेटखाली, जिथे हजाराहून जास्त बारीक पिनांना प्रोसेसरला सारख्या दाबाने टेकायचं असतं. पिना स्प्रिंगसारख्या असल्यामुळे थोडा उंचसखलपणा सोसतात. सोसवेनासा झाला की आधी एका बाजूची रॅम दिसेनाशी होते.

हौशी : ती आज दिसते आहे. मी मेमटेस्ट रात्रभर चालवणार, आधी एकेका स्लॉटमध्ये, मग दोन्हींत. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार, मग मशीन थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. तडा असेल तर तो थंड-गरमच्या फेऱ्यांतच बोलतो. हे सगळं परतीच्या मुदतीत बसतं.

साशंक : हे जरूर कर, पण स्क्रू न लावता, आणि आधी फोटो काढून. सील, सिरियल नंबरचं स्टिकर, पट्टी धरून दिसणारी फट, सगळं तारखेसकट. याचं कारण वॉरंटीच्या कागदावर आहे. 'बर्न' आणि 'फिजिकल डॅमेज' यांना वॉरंटी नाही, हे वाक्य अशा मालावर जवळजवळ नेहमी असतं. आज तू बाक चालवून घेतलास आणि पाचव्या महिन्यात बोर्ड गेला, तर काउंटरवरचा मुलगा बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरेल, बाक दाखवेल आणि म्हणेल, हे तर तुम्हीच वाकवलंय. बोर्ड ज्या दोषाने गेला असेल, त्याच दोषावर तुझा दावा बाद होईल. माझ्यासाठी परत करण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे. सोल्डर आणि कपॅसिटर त्याच्या मागून येतात. आज बाक विकणाऱ्याचा आहे, मुदत संपल्यावर तो तुझा होतो. आणि आज कायदा तुझ्या बाजूचा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन घेतलेला माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. वर्णनात बाकाचा शब्द नव्हता. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करता येतो.

हौशी : परत घेतील. मला वेगळंच सलतंय. परत गेलेला बोर्ड कुठे जातो? तो कुणी दुरुस्त करणार नाही, बाक दुरुस्त होतच नाही. सरळ करायला पाटी मऊ करावी लागेल, म्हणजे सोल्डर वितळण्याच्या वाटेवर न्यावी लागेल. मग एकतर हाच बोर्ड दुसऱ्या पिशवीत घालून दुसऱ्याला जाईल, ज्याच्याकडे पट्टीही नसेल आणि फीलर गेजही नसेल. नाहीतर भंगारात. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. आपल्याकडच्या बोर्डांचा शेवट मुरादाबादसारख्या ठिकाणी होतो, जिथे तांब्या-सोन्यासाठी माणसं हातमोज्यांशिवाय बोर्ड जाळतात आणि आम्लात बुडवतात. मी तो ठेवला, समजून-उमजून वापरला, वॉशर लावून बसवला, तर त्याला अजून तीन वर्षं मिळतील. ज्याला त्यातला धोका कळतो त्यानेच तो वापरणं हे मला जास्त जबाबदारीचं वाटतं.

साशंक : धोका तुला कळतो, पण तो पेलायचा वहिनींना आहे. सोमवारी सकाळी बाहेर पेशंट बसलेले, आत जुन्या नोंदी उघडत नाहीत, तेव्हा तू कामावर असशील. तुझ्या टेबलावरच्या मशीनसाठी घेतला असतास तर मी यातलं निम्मंसुद्धा बोललो नसतो. आणि दुसरं, मुकाट्याने ठेवून घेतलेला बोर्ड विकणाऱ्याला काहीच शिकवत नाही. तो उद्या त्याच ढिगातले आणखी दहा पाठवेल. बाक लिहून, फोटो जोडून परत केलेस तर निदान त्याच्या वहीत नोंद होते. भंगाराचं तुझं म्हणणं मला लागतं, खोटं नाही सांगत. पण सदोष माल गिऱ्हाइकाने गुपचूप रिचवायचा, हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही. तसं होत राहिलं तर लोकांचा या बाजारावरचा विश्वास उडेल, आणि मग चांगले जुने बोर्डही मुरादाबादलाच जातील.

हौशी : नोंदींचा बॅकअप मी आजच दुसऱ्या डिस्कवर घेतो, बोर्ड गेला तरी नोंदी जाणार नाहीत. पण तू म्हणालास त्यातून मला एक गोष्ट सुचते. परत न करता बदलून मागू. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आला की दोन्ही शेजारी ठेवू. त्यालाही तसाच, त्याच जागी, त्याच दिशेने बाक असेल, तर तो भट्टीतला. सगळी जातच तशी, सांधे त्यातच घडलेले, आणि मी निश्चिंत. दुसरा सरळ निघाला तर आपल्या बोर्डाला नंतर काहीतरी झालंय.

साशंक : हे आवडलं. एका बोर्डाकडे कितीही वेळ बघून जे कळणार नव्हतं, ते दोनांत कळू शकतं. पूर्ण नाही, दुसऱ्यालाही तसाच बाक निघाला तर दोघांवर सारख्याच कूलरने सात वर्षं काढली असंही म्हणता येईल. पण हॉट एअरची शंका बरीच कमी होईल. आता उलट बाजू बघ. दुसरा बोर्ड सरळ आला. तोपर्यंत तुझा वाकडा बोर्ड रात्रभराच्या मेमटेस्टमधून, भारातून, थंड-गरमच्या फेऱ्यांतून एकही चूक न करता बाहेर पडलाय. सरळ बोर्डाबद्दल तुला एवढंच माहीत आहे, की तो सरळ आहे. यातला कुठला परत पाठवशील?

हौशी : सरळ. म्हणजे, त्याचीही तीच चाचणी घेईन, आणि दोघेही पास झाले तर वाकडा ठेवेन. त्याचा हीटसिंक मी उघडून पाहिलाय, त्याची फट मला माहीत आहे, तो कसा बसवायचा ते माहीत आहे. सरळ बोर्डाच्या चिपसेटखाली कुणी काय केलंय ते मला ठाऊक नाही, आणि ते शोधायला कुठून सुरुवात करायची हेही बोर्डाकडे बघून कळणार नाही.

साशंक : आणि मी वाकडा परत पाठवीन. सरळ बोर्डालाही इतिहास आहे आणि तो लपलेला आहे, हे तुझं मान्य करूनही. पाचव्या महिन्यात सरळ बोर्ड गेला तर काउंटरवर मला निदान बोलता येईल. पण बदली बोर्ड मागतानाच विकणाऱ्याला लेखी विचार, की या बोर्डाचा चिपसेट कधी काढला किंवा तापवला होता का. उत्तर काय येतं ते बघू, आणि उत्तर आलंच नाही तर वहिनींना विचारून ठरव, तुझ्या मनाने नको.